नागलीच्या विटा

पुंजाच्या घरात सगळ्या पोरांचा वाढदिवस एकाच दिवशी यायचा, एक जूनला. शाळेत नाव घालताना मास्तर जी तारीख लिहितील ती, आणि पाड्यातल्या प्रत्येक पोराला मास्तर तीच देऊन टाकत. मंगेशचा एक जून, दिपेशचा एक जून, जयश्रीचाही एक जून. पुंजा आणि त्याची बायको हौशी तर शाळेची पायरीच चढले नव्हते. त्यांना आधारकार्डवाल्यानं एक जानेवारी वाटून टाकली. दोन्ही तारखा कुणी कधी पाळल्या नाहीत. जूनच्या तोंडावर राब भाजून शेत तयार करायचं असतं, तेव्हा कोण कुणाला हार घालत बसणार?

मंगेशची पोर सुकी मात्र ठाण्याच्या सरकारी दवाखान्यात जन्मली. मंगेश आणि त्याची बायको प्रेमा तेव्हा तिकडे बिल्डिंगच्या कामावर होते. त्यामुळे स्वतःची खरीखुरी तारीख असलेलं ते घराण्यातलं पहिलंच माणूस. यंदा ती सहा वर्षांची होणार होती, तीही दिवाळीच्या सुट्टीत, जयश्री आश्रमशाळेतून घरी आलेली असताना. आणि बापाविना पहिल्यांदाच.

"सुकीचा वाढदिवस करायचा," जयश्रीनं जाहीर केलं. घरातली सगळी तेव्हा खळ्यावर नागली, म्हणजे नाचणी, पाखडत होती. "आणि साधा नाही. बांधकामाचा."

हौशीच्या हातातलं सूप थांबलं. "कसला?"

"आई, शहरात तशी पद्धत आहे. पोराला जे आवडतं, त्याच्यासारखं सगळं खाणं करायचं. साखरशेतच्या रस्त्याला जेसीबी आला होता तेव्हा ही दिवसभर तिथून हलली होती का? मग आपण विटा करू, रेती करू, खडी, सळया. सगळं खायचं."

जव्हारच्या वक्तृत्व स्पर्धेत पहिला नंबर आल्यापासून जयश्रीचा आवाज असा मोकळा सुटला होता. एरवी पाहुणे आले की मेढीच्या खांबामागं लपणारी पोर आता पाहुण्यांना पाणी देताना त्यांच्या गावचा सरपंच कसा आहे ते विचारायची. बक्षीस म्हणून मिळालेला स्टीलचा जग तिनं घरात अशा ठिकाणी ठेवला होता, की आत येणाऱ्याला तो आधी दिसावा, माणसं मग.

तिनं मधल्या भावाचा, दिपेशचा, फोन घेऊन फोटो दाखवला. त्यात पिवळी टोपी घातलेलं एक गुबगुबीत पोर, चॉकलेटच्या चुऱ्याची माती, बिस्किटांच्या विटा आणि केकवर साखरेचा जेसीबी.

दिपेश हसला. "जयू, येवढा चॉकलेट खोडाळ्याच्या बाजारात नाय नि जव्हारलाही नाय मिळायचा."

"मिळायला कशाला हवं? आपल्याकडे नागली आहे."

"ज्या बिल्डिंगनी माझा मंगेश खाल्ला," हौशी म्हणाली, "तिचा सोंग तुम्ही माझ्या घरात मांडनार? आन वर ताटात वाढून खानार?"

शिमगा होऊन गेल्यावर मंगेश परांचीवरून पडला होता. त्याला घेऊन गाडी घाट चढून आली, तेव्हा त्याच्या हातांना अजून सिमेंट होतं आणि हौशीनं ते नखानं खरवडून काढलं होतं. तेव्हापासून या घरात बिल्डिंग हा शब्द कुणी काढत नव्हतं. भाषणाच्या भरात आपण कुठं पाय टाकला, ते तिला आत्ता कळलं.

"करू दे तिला," प्रेमा म्हणाली.

सगळ्यांनी मान वळवली. मंगेश गेल्यापासून त्याची बायको विचारलं तेवढंच बोलायची. ती नागलीत हात घालून बसली होती आणि तिनं वर पाहिलंही नाही.

"पोरीला हौस हाय. करू दे."

"तुझा नवरा व्हता तो," हौशी म्हणाली.

"हां. माझाच व्हता."

हौशीनं सूप खाली ठेवलं आणि ती आत निघून गेली. पुंजा नुसता बिडी ओढत बसला. पण जयश्रीचं काळीज सुपाएवढं झालं होतं. वहिनी आपल्या बाजूनं आहे, एवढंच तिला दिसलं. का आहे, हे तिनं त्या घडीला विचारायला हवं होतं.

*

कामाला लागल्यावर जयश्रीला भूक नसे आणि झोप नसे. नागलीचं पीठ खमंग भाजून त्यात गुळाचा पाक ओतला. विटेचा साचा म्हणून पाड्यातल्या घराघरातून रिकाम्या काडेपेट्या मागून आणल्या. पीठ गरम असतानाच काडेपेटीच्या खणात दाबायचं, पालथं करून टोकायचं, की टणक तांबूस वीट बाहेर. तांदळाची कणी भाजून तिची रेती झाली. भाजलेले शेंगदाणे म्हणजे खडी. शेवग्याच्या शेंगा म्हणजे सळया. आणि सालासकट दळलेल्या उडदाची आमटी मुळातच सिमेंटच्या रंगाची असते. तिचा माल, म्हणजे कालवलेलं सिमेंट, करायला काही करावंच लागलं नाही.

राहिला केक. त्याचा स्लॅब करायचं ठरलं. मोठी पिकलेली काकडी किसून, तांदळाचं पीठ आणि गूळ घालून, पानांत वाफवलेली परातीएवढी भाकर. ही दरवर्षी नव्या भातावर हौशीच करायची. यंदा तिनं चुलीला हात लावला नाही. ओट्यावर बसून ती जयश्रीचं पीठ सैल झालेलं बघत राहिली, आणि शेवटी न राहवून म्हणाली, "पीठ घाल अजून. नायतर तुझा स्लॅब पडंल."

म्हणाली आणि तिनंच तोंडावर पदर धरला.

पुंजा सकाळपासून घरामागं कोयती घेऊन काहीतरी कोरत होता. दुपारी त्यानं ते आणून ओट्यावर ठेवलं. लाल भोपळ्याचा जेसीबी. चाकं काकडीच्या चकत्यांची, पुढं करवंटीचा दात असलेलं खोरं, आणि मधे एक काडी अशी बसवलेली, की दाबली की खोरं वर उचललं जायचं.

"बा," जयश्री म्हणाली, "हा फोटोतल्यापेक्षा भारी आहे."

"त्याचा साखरेचा व्हता," पुंजा म्हणाला. "ह्याची भाजी तरी व्हईल."

सुकी विटा रचत होती. एक आडवी, एक उभी, सांधा सांध्यावर येऊ न देता, बाप लावायचा तशी. तिला कुणी शिकवलं नव्हतं. तिनं पाहिलं होतं.

"आत्या, ह्या विटा नेता येतील?"

"कुठं?"

"कामावर. आई सांगते, वाढदिवस झाला का दुसऱ्या सकाळी टेंपो येल. मी, आई नि काका जानार. तिथं बाबाची बिल्डिंग हाय. आता तिला कलर दिला आसंल."

जयश्रीच्या हातातली काडेपेटी चेपली. "तू पण जाणार? कुणी सांगितलं?"

"आईनी. पयला मी नाय म्हनत व्हती. मना तिथं नाय आवडत. पन आई म्हनली, हा बघ, आत्या करते ना तशा विटा, तशी खडी, आपन रोज तिथंच ऱ्हायचा." सुकीनं एक वीट दातानं फोडली. "तवा मी हां बोलली."

*

बोअरिंगवर प्रेमा घमेलं घासत होती, राखेनं, नारळाच्या काथ्यानं. मंगेशचं अंथरूण कामावरून आलं त्याबरोबर हे घमेलंही आलं होतं आणि पावसाळाभर घरामागं पालथं पडून होतं. सकाळी प्रेमानं ते उचललं, तेव्हा जयश्रीला वाटलं होतं, वाढायला घेतलं असेल.

"वयनी, सुकीला नेतेस?"

प्रेमाचा हात थांबला नाही. "मग कोनाजवळ ठेवू? बा नि आई कार्तिकी झाली का वीटभट्टीवर जातील. तू शाळेत. घराला कुलूप."

"माझ्या शाळेत ठेव. पहिलीत. मी बाईंना विचारून आलेय, सुट्टीनंतर मधेच आलेली पोरं पण घेतात. जेवण तिथंच, झोपणं तिथंच. मी आहे ना."

"विचारून आलीस." प्रेमानं आता वर पाहिलं. "मना विचारलास?"

जयश्री बोअरिंगचा दांडा हलवू लागली.

"बोलन्यात नंबर काढलास तं सगळ्यांच्या घरचा तूच बोलायचा काय गं? ही पोर कोनाची हाय?"

"तुझी. पण तू तिला फसवलंस. माझ्या विटा दाखवून फसवलंस. म्हणून मला कर म्हणालीस ना?"

"हां. म्हनून." प्रेमानं घमेलं पाण्याखाली धरलं. पाणी काळं वाहिलं. "सकाळधरनं रात्रीपर्यंत ती माज्यासंगती हाय, म्हनून मी उठते. ती इथं नि मी तिथं, तं मी कोनासाठी उठू? खोलीत तो झोपायचा ती जागा मोकळी. दुसरी पन मोकळी करू?"

भाषणात असं कुणी विचारत नाही.

जयश्रीनं घरी जाऊन आईला सांगितलं. तेव्हा सगळ्या सोंगट्या एका क्षणात हलल्या. परवा बांधकामाच्या खाण्याला नावं ठेवणारी हौशी जयश्रीच्या बाजूला येऊन उभी राहिली, पण वेगळंच घेऊन. "पोरगी तिकडं जायची नाय. ती माज्यासंगती भट्टीवर येल. मंगेशची येवढीच ऱ्हायली मना."

"भट्टीवर? आई, भट्टी आणि बिल्डिंगमध्ये काय फरक आहे?"

"तिथं उंच नसतं," हौशी म्हणाली.

दिपेश प्रेमाच्या बाजूनं झाला. "पोर आईसंगती ऱ्हायला पायजे. साइटवर आता सगळी सोय झाली. जयू, तू टेन्शन मत ले. तू केक बघ."

"तू त्या दिवशी तिथंच होतास, दादा. कसली सोय झाली?"

दिपेशचं तोंड उतरलं आणि तो बाहेर जाऊन टेंपोवाल्याला फोन लावू लागला. पुंजाला सगळ्यांनी विचारलं. पुंजा म्हणाला, "तिच्या आयसला ठरवू द्या," आणि भोपळ्याची काडी दाबून खोरं वर-खाली करत बसला.

*

वाढदिवसाला पाड्यातली सगळी पोरं आली. अंगणात सारवण ओलं होतं. पानांवर रेतीचे ढीग, खडीचे ढीग, विटांची थप्पी. पोरांनी आधी हात लावला नाही. ही खायची की खेळायची, तेच कळेना. मग एकानं वीट चाटून बघितली आणि भिंत दोन मिनिटांत जमीनदोस्त झाली.

"अशी नाय," सुकी म्हणाली. "स्लॅबच्या दिवशी आधी लाइन लावायची. मग शेठ जेवन देतो."

ती ज्या कामावर वाढली, तिथली एकच मेजवानी तिला ठाऊक होती. स्लॅब ओतून झाला की नारळ फुटायचा आणि सगळ्या मजुरांना एकदमच गोड जेवण मिळायचं. तिनं पोरांची चुलीपासून अंगणापर्यंत रांग लावली. आईनं घासून लख्ख केलेल्या घमेल्यात आमटीचं पातेलं ठेवून ते हातोहात पुढं सरकवलं. "माल. माल. माल," ती ओरडत होती आणि पोरं ओरडत होती. हौशीसुद्धा तेवढ्यापुरती हसली. दिपेशनं आपली थापी धुऊन दिली आणि सुकीनं त्या थापीनं स्लॅब कापला. गाण्याला सुरुवात जयश्रीनंच केली, एकटीनं, मोठ्यानं. पोरांना शब्द येत नव्हते, पण टाळ्या येत होत्या. मिटलेल्या कळीसारखी प्रेमा दाराशी बसली होती. लेकीनं भरवलेला तुकडा तिनं तोंडात घेतला.

जेवणं झाल्यावर पोरांचा खेळ सुरू झाला. कुणी मिस्त्री, कुणी मुकादम. शेजारच्या लाडकीचा धाकटा करण, नुकता पळायला लागलेला, सगळ्यांच्या पायांत येत होता. सुकीनं त्याला उचललं आणि ओट्याच्या मेढीशी आणलं. फ्रॉकच्या खिशातून सुतळी काढली. एक टोक मेढीला, एक त्याच्या घोट्याला. दोन वेढे, आतून काढून, ओढून. पटकन, सवयीनं. भाजीची जुडी बांधावी तसं.

करण दोन पावलं पळाला आणि तोंडावर पडला. त्यानं भोकाड पसरलं.

"सुके, सोड त्याला," लाडकी हसत म्हणाली.

"सोडला तं पडंल," सुकी म्हणाली. ती रेतीचं पान डोक्यावर घेऊन निघाली होती. "मी वर माल टाकाया चालली. मंग त्याच्यावर कोन बघंल?"

"रडतो ना तो."

"रडू दे. थोडा रडतो नि मंग झोपतो. मी पन झोपायची."

हे शब्द तिचे नव्हते. आवाजसुद्धा तिचा नव्हता. तो अंगणातल्या सगळ्यांनी ओळखला. लाडकीचं हसू तोंडावरच राहिलं. प्रेमा उठली. मेढीपाशी येऊन बसली आणि तिनं करणचा पाय मांडीवर घेतला. गाठीचं एक टोक नेमकं धरून ओढलं. गाठ लगेच सुटली. तिला ती सोडता येणारच होती.

जयश्री तिच्या समोरच उभी होती. आता बोलायला हवं, आत्ताच, आत्ता सगळे ऐकतील, असं तिच्या मनात आलं. वाक्य तयारसुद्धा होतं. पण प्रेमाच्या हातातल्या सुतळीकडं बघून तिनं ते गिळलं. आयुष्यात पहिल्यांदा तिला आपलं बोलणं बरोबर असूनही नको वाटलं.

*

पोरं पांगली. ऊन डोंगराआड गेलं. प्रेमा पुन्हा घमेलं घासत होती, घासलेलंच. जयश्री भांडी विसळत होती. सुकी ओट्याच्या मागच्या अंगाला उरलेल्या विटा फडक्यात बांधत बसली होती.

"तुज्या शाळेत," प्रेमा म्हणाली, "रातच्याला दाराला कडी लावतात?"

"लावतात."

"आतून का भायरून?"

"आतून."

"ती झोपंत उठते. उठते नि चालाया लागते. तिथं मी तिच्या पायाची सुतळी माज्या पायाला बांधायची." प्रेमानं घमेलं पालथं केलं. "तुज्याजवळ झोपंल?"

"माझ्याच अंथरुणात."

"बांधू नको तिला. हात धरून झोप."

"हो."

"मंग ने."

हौशी दारातून ऐकत होती. "नि मी?" एवढंच ती म्हणाली. पुंजानं तिला आत नेलं. दिपेशनं काही म्हणायला तोंड उघडलं, प्रेमानं त्याच्याकडं पाहिलं आणि त्यानं ते मिटलं. सुकीला आत्ता सांगायचं नाही, असं ठरलं. टेंपो उजाडताना येतो. ती झोपेत असेल तोवर निघायचं, रडारड नको.

जयश्री जिंकली होती. जव्हारला जिंकली तेव्हा हॉलभर टाळ्या वाजल्या होत्या. इथं नुसता काथ्याचा आवाज येत होता, घमेल्यावर. मागच्या अंगाला कुणी नव्हतं. विटांचं फडकं अर्धवट बांधलेलं तसंच पडलं होतं.

*

खालच्या वळणावर टेंपोचा हॉर्न वाजला तेव्हा धुकं अंगणापर्यंत आलेलं होतं. दिपेश पोतं घेऊन पुढं गेला. प्रेमा उठायला गेली आणि थबकली.

"जयू. बत्ती आन."

जयश्रीनं फोनचा उजेड धरला. गोधडी बाजूला केली. प्रेमाच्या घोट्याला सुतळी होती. दुसरं टोक सुकीच्या घोट्याला. दोन वेढे, आतून काढून, ओढून. वर आणखी एक गाठ, आणि तिच्यावर आणखी एक. पोरीला येत होत्या तेवढ्या सगळ्या मारलेल्या.

जयश्री चुलीपाशी धावली आणि विळा घेऊन आली.

"कापू नको," प्रेमा म्हणाली. "सोडते."

हॉर्न पुन्हा वाजला. दिपेशनं हाक मारली. प्रेमानं दोघींचे पाय जवळ घेतले आणि नखानं एकेक गाठ उकलायला लागली. वरच्या गाठी वेड्यावाकड्या होत्या, त्यांना वेळ लागला. हौशी उंबऱ्यात घमेलं छातीशी धरून उभी होती. ती ते देतही नव्हती आणि ठेवतही नव्हती.

जयश्रीच्या हातातला उजेड हलला आणि सुकीच्या तोंडावर गेला. डोळे मिटलेले होते. झोपलेल्या पोराचे मिटतात तसे नव्हेत, घट्ट. पापण्या थरथरत होत्या. पण तिचा पाय आईच्या हातात अगदी स्थिर होता. आईला गाठ सोडता यावी म्हणून तिनं तो जराही हलू दिला नाही.